ठशावर ठसा : ग्रीक घडणीचे रुपे आणि मावळ-जुन्नरच्या वाटा

मराठीत पैशाला आणि किमतीला आजही वापरला जाणारा ‘दाम’ हा शब्द मुळात ग्रीकांचा असून संस्कृत-प्राकृताच्या वळणांनी तो येथवर आला आहे. ग्रीक भाषेत ‘द्राख्मे’ म्हणजे मूठभर. लोखंडी सळया हेच देवघेवीचे साधन होते त्या काळी एका मुठीत मावणाऱ्या सहा सळयांना हे नाव होते, आणि पुढे चांदीची नाणी पडू लागल्यावर सहा ‘ओबोल’ म्हणजे एक द्राख्मे हा हिशेब तसाच राहून सळयांच्या जुडीचे नाव नाण्याला चिकटले. या शब्दाचे संस्कृतात ‘द्रम्म’ झाले, प्राकृतात ‘दम्म’ आणि मराठीत ‘दाम’. इ.स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी सोळा पणांचा एक द्रम्म व सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक दिले आहे, आणि साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये असा जो जुना दंडक ‘दामदुपट’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. शब्द टिकला त्याप्रमाणे नाण्याचा घाटही टिकला. एका बाजूला राजाचा मुखवटा, कडेने अक्षरे आणि दोन-अडीच ग्रॅम चांदी, एवढ्या ऐवजानिशी ग्रीक नाणे दख्खनेत शिरले व सात-आठशे वर्षे निरनिराळ्या राजांच्या नावाने पाडले जात राहिले. हे नाणे केव्हाचे, हे ठरवण्याचे काम मात्र नाण्याकडे एकटक पाहून होत नाही. शेजारचा कोरीव लेख, तराजूतले वजन आणि एकाच चकतीवर पडलेले दोन ठसे यांच्या साक्षीनेच ते करावे लागते.

या साक्षींपैकी बऱ्याच साक्षी ज्या मुलखात आहेत तो मुलूख आज पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांनी व्यापला आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी असा पट्टा वाढत गेला. परंतु मालाची ने-आण ही या भूमीला नवी गोष्ट नव्हे. कोकणातील सोपारा व कल्याण या बंदरांतून बोरघाटाने वर येणारी वाट इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरते, आणि त्या वाटेवर कार्ले व भाजे ही लेणी आहेत. जी पवना पुढे चिंचवडवरून वाहते तिच्याच वरच्या खोऱ्यात बेडसे आहे. देहूरोड ओलांडून तळेगावकडे जाताना घोरावडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी दिसतात. दुसरी वाट कल्याणहून नाणेघाटाने चढून जुन्नरला येते आणि तेथून दक्षिणेकडे आजचा पुणे-नाशिक रस्ता ज्या बाजूने जातो त्या चाकणच्या पठाराकडे वळते. बेडशाच्या चैत्यगृहातील एक दान नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे आहे, तर शेलारवाडीतील लेणे धेनुकाकट येथील एका शेतकरी गृहस्थाच्या पत्नीने दिले आहे. नाशिकचा पैसा पवनेच्या खोऱ्यात खर्च होत होता, हे एवढ्या दोन ओळींच्या दानलेखातून कळते.

याच लेण्यांत ‘यवन’ म्हणवणारे दाते भेटतात. ग्रीकांच्या ‘आयोनिया’ या प्रांताच्या नावावरून इराणी ‘यौन’ व त्यावरून संस्कृत ‘यवन’, प्राकृत ‘योन’ अशी रूपे झाली. मध्ययुगीन मराठीत या शब्दाचा रोख पालटला, तो येथे मनात आणू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले असून त्यांत सिंहध्वज आणि धर्म अशी नावे आहेत. जुन्नरला इरिल, चित आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत, आणि ती पाण्याची टाकी, भोजनमंडप व लेण्याचे प्रवेशद्वार अशी अगदी व्यवहारी स्वरूपाची आहेत. ही सारी माणसे वंशाने ग्रीक होती असे म्हणता येत नाही, कारण बहुतेकांची नावे देशी आहेत आणि पश्चिमेकडून आलेल्या कोणाही व्यापाऱ्याला हा शब्द लावला जात असावा. पण ग्रीक नाण्यांची ओळख असलेले लोक या वाटांवर राहत होते, एवढे मानायला हरकत नाही.

अथेन्सचे घुबडाच्या छापाचे चतुर्द्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचे नाणे, सुमारे १७ ग्रॅमचे असे, आणि अलेक्झांडरने हेच वजन आपल्या विस्तीर्ण राज्यात चालवले. बॅक्ट्रियातील, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील ग्रीक राजांनी हिंदुकुश ओलांडला तेव्हा मात्र त्यांना वजनही बदलावे लागले आणि भाषाही. पहिल्या अपोलोडोटसने, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला बैल असलेली चौकोनी द्राख्मे पाडली. ती सुमारे २.४ ग्रॅमची होती, आणि चौकोनी आकार हा भारतातील ‘आहत’ नाण्यांचा होता, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर एकामागून एक लहान ठसे ठोकून बनवलेल्या देशी नाण्यांचा. त्याच्या मागून आलेल्या मिनँडरच्या नाण्यावर दर्शनी बाजूला राजाचे डोके व ग्रीक अक्षरे, आणि मागे वज्र फेकणारी अथेना व खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ अशी प्राकृत अक्षरे आहेत. हाच पाली ग्रंथातील मिलिंद. महाराष्ट्रात हे नाव घरोघर असले तरी ते ठेवणाऱ्या कित्येकांच्या मनात भुंगा असतो, ग्रीक राजा नसतो. नाण्यांवरच्या या जोडलिपीनेच एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांना खरोष्ठी वाचण्याची किल्ली दिली, आणि ख्रिस्तियान लासेन यांनी १८३६ मध्ये अगॅथोक्लीझ या ग्रीक राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे ओळखली ती त्याच रीतीने. एका लिपीतील नाव माहीत असले की दुसरीतले हुडकता येते, इतकी ती युक्ती सोपी होती.

ही नाणी पंजाब-काबूलकडून पश्चिम किनाऱ्यावर कशी पोचली याचा एक समकालीन दाखला उपलब्ध आहे. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेचा अनामिक कर्ता सांगतो की बरिगाझा, म्हणजे भडोच येथे अपोलोडोटस व मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मे त्याच्या वेळीही चलनात होती. हे दोघे राजे तोवर दोनशे वर्षांपूर्वीचे झाले होते. गुजरातच्या किनाऱ्यावर अपोलोडोटसच्या नावाची जी नाणी सापडली आहेत त्यांत मूळ, झिजलेली आणि नक्कल करून पाडलेली अशी सर्व जातींची नाणी असून, नकलांवर ग्रीक अक्षरे बिघडत बिघडत नुसत्या रेघा आणि ठिपके उरले आहेत. परक्या राजाचे नाव वाचता येत नसतानाही त्याचेच नाणे पाडणे हा अडाणीपणा नव्हे. ज्या छापावर बाजाराचा विश्वास बसलेला असतो तो छाप सराफ सुखासुखी बदलू देत नाहीत. याच पुस्तिकेत कल्याणविषयी जे आहे ते दख्खनच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे : कल्याण हे पूर्वी नियमित बंदर होते, पण आता तेथे चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असे ती सांगते. बोरघाट आणि नाणेघाट यांच्या पायथ्याची बंदरे अडवून व्यापार आपल्या बंदराकडे वळवण्याचा हा डाव होता, आणि ज्याच्या राज्यात भडोच होते त्या राजाचे नाव या पुस्तिकेच्या हस्तलिखितात ‘मंबनोस’सारखे काही वाचले जाते. तो नहपान असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

नहपान हा क्षहरात कुळातील शक क्षत्रप, म्हणजे इराणी पद्धतीचा प्रांताधिपती. त्याचे चांदीचे नाणे सुमारे दोन ग्रॅमचे, बोटाच्या पेराएवढे असते. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरांत ‘रान्निओ क्षहरातस नहपानस’ असा लेख असतो, आणि मागे बाण व वज्र यांच्या भोवती तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत असतो. लिपी ग्रीक आहे पण भाषा प्राकृत. मिनँडरच्या नाण्यावर राजाची पदवी ग्रीक भाषेत होती, येथे फक्त अक्षरे उरली आहेत. त्यातही एक खूण अशी की ‘ह’ या ध्वनीसाठी वापरलेले अक्षर ग्रीकांत त्या काळी दीर्घ ‘ए’ म्हणून वाचले जाई आणि रोमन लिपीत ‘ह’ म्हणून. तेव्हा ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या किंवा त्याला मजकूर लिहून देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमन नाणीही असावीत.

१९०६ सालापर्यंत हे नाणे अतिशय दुर्मीळ होते. त्या वर्षी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला आणि त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सारी नाणी नहपानाची होती, परंतु नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा मारलेला होता : एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि कडेने ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही ब्राह्मी अक्षरे, दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोळे जोडलेले, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते. स्कॉट यांना आणखी एका गोष्टीचे आश्चर्य वाटले होते. मुखवट्यांचे चेहरे एका माणसाचे वाटत नाहीत. कोणी तरुण, कोणी म्हातारा, कोणाचे नाक बाकदार तर कोणाचे सरळ. राजाला समोर बसवून ठसा कोरण्याची येथे रीत नसावी, आणि कारागिरांनी पुढ्यातल्या परदेशी नाण्यांवरून ‘राजाचे तोंड’ म्हणून जे उचलले ते नहपानाच्या नावावर खपले, हा त्याचा सर्वांत साधा अर्थ दिसतो.

जिंकलेल्या राजाची चांदी मोडीत काढून, आटवून, नव्या चकत्या पाडून त्यांवर आपले नाव घालणे हा सरळ मार्ग होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तो घेतला नाही. आटणीत घट येते, लाकूड-कोळसा लागतो, वेळ जातो, आणि मोहीम संपते न संपते तोच सैन्याचे व व्यापाऱ्यांचे देणे भागवायचे असते. शिवाय दोन ग्रॅमचे नाणे लोकांच्या हाताला बसलेले होते. म्हणून नाणी होती तशीच ऐरणीवर ठेवून त्यांवर नव्या ठशाचा घाव घातला गेला. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती तेव्हाही नाणे पाडण्याची रीत मूलतः हीच होती : खाली एक ठसा, वर दुसरा, मध्ये चकती आणि हातोडा. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये एकाच पत्र्यावर दोनदा डाय बसलेला जॉब रद्द म्हणून बाजूला टाकतात, कारण पहिल्या ठोक्याच्या कडा दुसऱ्याखालून डोकावत राहतात. इतिहासकाराच्या लेखी नेमका हाच दोष मौल्यवान आहे. डोंगराच्या कमानीखालून नहपानाच्या नाकाची रेघ आणि ‘सिरि’च्या शेजारी दोन ग्रीक अक्षरे दिसली की कोण आधी आणि कोण नंतर याचा निवाडा झाला; त्यावर कोणत्याही पंडिताला दुसरे मत देता येत नाही.

पण क्रम कळणे निराळे आणि वर्ष कळणे निराळे. नाणेशास्त्रात पहिल्याला सापेक्ष व दुसऱ्याला निरपेक्ष कालनिर्णय म्हणतात, आणि नहपानाच्या बाबतीत दुसरे काम दगडांवर येऊन पडते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे आहेत. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य वत्सगोत्री अयम याने टाके व मंडप दान दिल्याचा लेख ४६ व्या वर्षाचा आहे. उषवदाताच्या लेखांत नहपान ‘क्षत्रप’ आहे आणि जुन्नरला तो ‘महाक्षत्रप’ झालेला आहे, म्हणजे वर्षभरात पदवी वाढली. नाशिकच्याच लेखात पैशाचा हिशेबही नोंदलेला आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे ठेवली; २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी द्यावीत असे लेख सांगतो. गुणाकार अचूक जुळतो. त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा दर देऊन ७०,००० कार्षापणे म्हणजे २,००० सुवर्ण असे म्हटले आहे. कार्षापण म्हणजे नहपानाचे दोन ग्रॅमचे नाणे असे धरले आणि सुवर्ण सुमारे आठ ग्रॅमचा मानला, तर एका वजनाच्या सोन्याला जवळजवळ नऊ वजनांची चांदी पडत होती.

ही ४१ ते ४६ वर्षे कशाची, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. ती शक संवताची मानली तर इ.स. ११९ ते १२४ येतात, आणि बराच काळ पाठ्यपुस्तकांत हेच सांगितले गेले. ती नहपानाच्या स्वतःच्या राज्यकालाची मानली आणि ‘पेरिप्लस’मधला राजा तोच धरला, तर नहपान पन्नासएक वर्षे मागे, पहिल्या शतकात जातो. हा पक्ष जो क्रिब यांच्यासारख्या नाणेतज्ज्ञांनी मांडला आहे. लेखांत या वर्षांना ‘शक’ असे नाव कोठेही दिलेले नाही आणि ‘पेरिप्लस’चा काळ आता पहिल्या शतकाच्या मध्याचा धरला जातो, हे पाहता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. दोन्ही पक्षांत न हलणारी गोष्ट एकच आहे. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी विजयी सेनेच्या छावणीतून काढलेली आज्ञा नाशिकला कोरलेली असून तिच्यात आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेली जमीन भिक्षूंना दिली आहे. आणि कार्ल्यालाही उषवदाताने वलूरक येथील भिक्षूंना दिलेले करजिक गाव त्याच अठराव्या वर्षाच्या लेखात पुन्हा त्यांनाच दिलेले आढळते. वलूरक हे कार्ल्याचे जुने नाव. इंद्रायणीच्या खोऱ्यातील एका गावाच्या महसुलावर आधी शकांचे आणि मग सातवाहनांचे नाव चढले, तसेच ते नाण्यावरही चढले. आधीची देणगी मोडायची नाही, फक्त देणारा बदलायचा, ही राज्यकर्त्याची युक्ती दगडावर आणि चांदीवर सारखीच आहे. पुढे गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेखात आपल्या पुत्राला, म्हणजे गौतमीपुत्राला, शक, यवन व पह्लवांचा नाश करणारा आणि क्षहरातांचा वंश उखडणारा म्हटले. पण उखडलेल्या वंशाच्या नाण्याचा घाट मात्र सातवाहनांनीच उचलला. त्यांची स्वतःची मुखवट्याची चांदीची नाणी याच वजनाची आहेत, आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला तेव्हा त्यात यज्ञ सातकर्णीचे असेच एक नाणे निघाले.

कालनिर्णयाची तिसरी साक्ष वजनाची, आणि ती बोलती करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याचे रहिवासी होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या विद्वानाने नाण्यांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहिले. चलनात फिरणारे नाणे हातोहाती झिजते, ही गोष्ट बट्टा कापून घेणाऱ्या प्रत्येक सराफाला ठाऊक होती. कोसंबींनी तिचे माप घेतले. एका टांकसाळीच्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत उतरते आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो. तेव्हा एकाच वेळी पुरलेल्या निधीतील गटांची वजने घेतली तर कोणता गट अधिक जुना हे सांगता येते, हे त्यांनी चलनातील आधुनिक नाणी तोलून पडताळले व मग आहत नाण्यांना लावले. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली मिळालेला निधी त्यांच्या अभ्यासाचा मुख्य आधार होता. त्यात हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अर्हिडियस याचे एक, अशी तीन ग्रीक नाणी होती व ती टांकसाळीतून नुकती निघाल्यासारखी कोरी होती. फिलिपचे राज्य इ.स.पू. ३२३ ते ३१७ एवढेच. त्याचे नाणे न झिजता पुरले गेले, यावरून तो निधी कधी लपवला गेला याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून शेजारच्या निनावी, बिनतारखेच्या देशी नाण्यांनाही काळ मिळतो. ग्रीक नाण्यावर आकड्यांत वर्ष सहसा नसते. सेल्युकसच्या घराण्याने इ.स.पू. ३१२ पासूनचा संवत चालवला व पुढे काही नाण्यांवर ती वर्षे घातली, हा अपवाद आहे. एरवी राजाचे नाव, ठशाची कोरणी, एकाच ठशातून निघालेल्या नाण्यांची साखळी आणि निधीतील सोबत, यांवरच भिस्त असते. कोसंबींनी कार्ल्याच्या स्तंभांवरील धेनुकाकटच्या दात्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि पुणे परिसरातील जुन्या वाटा पायी तुडवल्या, त्याचे कारणही हेच : नाणे ज्या वाटेने फिरले ती वाट पाहिल्यावाचून नाण्याचा अर्थ लागत नाही, अशी त्यांची धारणा होती.

संग्रहाचा इतिहास याहून काहीसा निराळा आहे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जुनी नाणी व लेखांचे ठसे जमवायला सुरुवात केली आणि त्यांच्यापाशी १८६१ मध्ये जुनागढहून भगवानलाल इंद्रजी आले. भगवानलाल यांनी क्षत्रपांच्या नाण्यांचा मोठा संग्रह केला. त्यांच्या मृत्यूनंतर तो ब्रिटिश म्युझियमला गेला आणि ई. जे. रॅप्सन यांनी १९०८ मध्ये सातवाहन व क्षत्रप नाण्यांची जी सूची प्रसिद्ध केली तिला त्याचा मोठा आधार मिळाला. हे लोक नाणे विकत घेताना ते कोठून आले याची विचारपूस करीत. पुढे मात्र संग्राहकाची आणि अभ्यासकाची आवड एकमेकींपासून दूर गेली. जोगळटेंभीनंतर नहपानाचे नाणे दुर्मीळ राहिले नाही. आज संग्राहक शोधतो ते दुसरा ठसा न पडलेले, चेहरा ठसठशीत आणि ग्रीक अक्षरे पुरती वाचता येणारे नाणे, आणि ज्या नाण्यावर दोन राजांची झटापट दिसते ते ‘घाण’ म्हणून त्याला कमी भाव मिळतो. बाजाराने दिलेली ही किंमत इतिहासाच्या दृष्टीने उलटी आहे. त्यात बनावट नाण्यांची भर पडते. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याची ओळख कडेची सांध, पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे आणि चुकलेले वजन यांवरून होते, पण खऱ्या पद्धतीने ठसा मारून केलेली नक्कल पकडायला या खुणा अपुऱ्या पडतात, आणि मग त्याच ठशाची दुसरी खात्रीची नाणी शोधून ताडून पाहावे लागते. पूर्वी हे काम पोतदाराचे होते. आज ते आडनाव उरले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पायाच्या खोदाईत हंडा लागला की तो वाटून घेऊन सराफाकडे मोडीला घालण्याची वहिवाट मात्र कायद्याहून जुनी आहे. तीत चांदी वाया जात नाही. जाते ती नाण्याची सोबत, आणि बिनतारखेच्या नाण्याला काळ देणारी गोष्ट तीच असते.

नाण्यावर वर्ष घालण्याची सोय शेवटी क्षत्रपांनीच केली. नहपानानंतरच्या चष्टन या क्षत्रपाच्या वंशातील राजांनी, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मुखवट्याच्या मागे ब्राह्मी अंकांत वर्ष कोरायला सुरुवात केली, आणि लेखात स्वतःबरोबर पित्याचेही नाव असेच, त्यामुळे चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंतची त्यांची वंशावळ नाण्यांवरून जवळजवळ सलग मांडता येते. ही वर्षे शक संवताची आहेत. पंचांगात आजही ‘शके’ म्हणून मोजली जाणारी गणना तीच. तिला पुढे शालिवाहनाचे, म्हणजे क्षत्रपांच्या हाडवैऱ्या सातवाहनांचे नाव मिळाले, हा ठशावर ठसा पडण्याचाच आणखी एक प्रकार. या नाण्यांवर ग्रीक अक्षरे उरली ती केवळ काठाची नक्षी म्हणून. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य बुडवल्यावर त्याच घाटाची चांदीची नाणी गरुडाचे चिन्ह घालून पाडली. त्रैकूटकांनी कोकण-नाशिकात तोच मुखवटा चालू ठेवला. आणि सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याने मागच्या बाजूला नंदी बसवून दोन ग्रॅमच्या आसपासचे तेच नाणे पाडले. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे मिळालेल्या, वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटांत कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमाराचे वर्ष आहे, आणि त्यांत रकमा ‘कृष्णराज रूपकां’त सांगितलेल्या आहेत. कृष्णराजाला तोवर दीडशे वर्षे होत आली होती. भडोचच्या बाजारात मिनँडरची द्राख्मे चालत होती तशीच अंजनेरीच्या बाजारात ही रूपके चालत होती. त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, आणि चाकणवरून नाशिककडे जाणारा रस्ता शेवटी तिकडेच पोचतो.